कॅमेरा शिकायला सहा रविवार, उपवनपासून सुरुवात

गुढीपाडव्याच्या सकाळी ठाण्यात कौपिनेश्वर मंदिराकडून निघालेल्या स्वागतयात्रेत मी माझ्या पहिल्या कॅमेऱ्याने तीनशेच्या वर फोटो काढले. ढोलपथकातली पोरं-पोरी पांढऱ्याशुभ्र झब्ब्यांत, डोक्याला भगवे फेटे, ऊन लख्ख. घरी येऊन बघतो तर सगळ्यांचे झब्बे आठवडाभर न धुतल्यासारखे राखाडी. आधी मी कॅमेऱ्याला शिव्या घातल्या, मग लेन्सला, मग ज्याने तो घ्यायला लावला त्या मेव्हण्याला. खरं तर कॅमेरा त्याचं काम चोख करत होता. ते काम नेमकं काय असतं, हे मला ठाऊक नव्हतं.

त्या झब्ब्यांचं कोडं चौथ्या रविवारी सुटेल. तोवर एक पथ्य पाळा: एका रविवारी एकच गोष्ट. कॅमेऱ्यावर पंधरा-वीस बटणं असतात आणि नवशिक्या पहिल्याच दिवशी सगळी दाबून बघतो. मग फोटो चांगला आला तरी का आला ते कळत नाही, बिघडला तरी का बिघडला ते कळत नाही.

आधी कॅमेऱ्याचं बघू

घरात पडून असलेला, कुणीतरी हौसेने घेतलेला जुना डीएसएलआर चालेल. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला नवा प्रकार, असेल तर उत्तमच, पण त्यासाठी अडून राहू नका. अट एकच, डायलवर ‘ए’, ‘एस’ आणि ‘एम’ हवेत. कॅननमध्ये पहिल्या दोघांना ‘एव्ही’ आणि ‘टीव्ही’ म्हणतात. ‘ए’वर अ‍ॅपर्चर तुम्ही ठरवता, ‘एस’वर शटर, ‘एम’वर दोन्ही; ते काय असतं ते पुढे येईलच. सोबत १८-५५ मिमीची किट लेन्स मिळते. तिला नावं ठेवायची फॅशन आहे, पण या सहापैकी पाच रविवार ती पुरून उरते. फक्त मोबाइल असेल तर त्याच्या ‘प्रो’ मोडमध्ये शटर आणि आयएसओ शिकता येईल. अ‍ॅपर्चर मात्र बहुतेक मोबाइलांत कायमचं एकच असतं. पोर्ट्रेट मोडमध्ये मागचं जे धूसर दिसतं ती सॉफ्टवेअरची करामत असते.

सेन्सरच्या, म्हणजे आतल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपच्या, आकारावरून लोक उगाच वाद घालतात. फुल फ्रेम म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटर, जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा. एपीएस-सी म्हणजे साधारण २३.५ बाय १५.६. मोठ्या सेन्सरवर जास्त प्रकाश पडतो, त्यामुळे अंधारात फोटो स्वच्छ येतो. शिकण्यासाठी दोन्ही सारखेच.

सेकंडहँड घेणार असाल तर बॉडीपेक्षा लेन्स नीट तपासा. लेन्स काढून एका बाजूने मोबाइलचा टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूने तिरकं बघा. धुळीचे चार कण असले तर काही बिघडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर मात्र हात जोडून परत द्या, ती बुरशी असते. बॉडी तपासताना लेन्सचं झाकण लावून दोन-चार सेकंदांचा एक फोटो घ्या आणि स्क्रीनवर मोठा करून बघा. काळ्या चौकटीत ठळक लाल-निळे ठिपके चमकत असतील तर भाव पाडा.

बुरशीबद्दल अनुभवाने बोलतोय. माझी ५० मिमीची लेन्स मी चामड्याच्या देखण्या डब्यात घालून कपाटात ठेवली होती. जूनमध्ये ठेवली, सप्टेंबरात काढली. फोर्टातल्या दुरुस्तीवाल्याने भिंगातून बघितलं आणि म्हणाला, “साहेब, तुम्ही घर चांगलं दिलंत, भाडेकरू आला राहायला.” ठाण्याच्या पावसाळ्यात चामडं, कापड आणि बंद कपाट या तिन्ही गोष्टी लेन्सच्या वैरी आहेत. मी आता भांड्यांच्या दुकानातून आणलेला घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा वापरतो. आत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये ठेवायचा. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा कोरडं करायचं. त्यासाठी जुना तवा वेगळा काढा, पोळ्यांचा घेतलात तर पुढचं तुमचं तुम्ही निस्तरा. आणि एसी गाडीतून उतरल्या-उतरल्या दमट हवेत लेन्स उघडू नका, काचेवर लगेच धुकं धरतं. बॅगेतच पंधरा-वीस मिनिटं राहू द्या.

पहिला रविवार: बटणांना हात लावायचा नाही

ऑटोवर ठेवा आणि उपवन तळ्यावर जा, एकदा सकाळी सातला आणि त्याच दिवशी संध्याकाळी साडेपाचला. उपवन मुद्दाम निवडलंय. तळ्याच्या पश्चिमेला येऊरचा डोंगर आहे. सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी असतो, डोंगर समोरून उजळतो, झाडं वेगवेगळी दिसतात. संध्याकाळी तोच सूर्य डोंगरामागे जातो, डोंगर काळा ठोकळा होतो आणि सगळी गंमत आकाशात आणि पाण्यात उरते. जागा तीच, कॅमेरा तोच, फोटो दोन वेगळ्या गावांचे वाटतात.

एकाच ठिकाणी उभं राहून, त्याच बाकाचे, त्याच झाडाचे दहा फोटो सकाळी आणि दहा संध्याकाळी काढा. सोबत कुणी असेल तर त्याला उन्हाकडे तोंड करून, मग पाठ करून, मग झाडाच्या सावलीच्या कडेला उभं करा. सावलीची कड लक्षात ठेवा, चेहऱ्यासाठी तिच्यासारखी जागा नाही. भर दुपारी डोक्यावरचं ऊन डोळ्यांच्या खोबणीत काळ्या सावल्या पाडतं आणि माणूस आठवडाभर झोपला नसल्यासारखा दिसतो.

दुसरा रविवार: अ‍ॅपर्चर

आता तलावपाळीवर, म्हणजे मासुंदा तळ्याच्या काठावर या. डायल ‘ए’ किंवा ‘एव्ही’वर. लेन्सच्या आत पात्यांचं एक भोक असतं, लहान-मोठं होणारं, तेच अ‍ॅपर्चर. त्याचे आकडे उलटे का असतात यात प्रत्येक जण अडखळतो: एफ ४ म्हणजे मोठं भोक आणि एफ १६ म्हणजे बारीक. हा भागाकार आहे, एवढं लक्षात ठेवलं की अडचण संपते. लेन्सची लांबी (लेन्सवर मिमीमध्ये लिहिलेली, म्हणजे फोकल लेंथ) भागिले तो आकडा म्हणजे भोकाचा व्यास. ५० मिमीची लेन्स एफ २ला असेल तर व्यास २५ मिमी, एफ ८ला साधारण ६ मिमी. भाजक वाढला की उत्तर लहान.

आकड्यांची रांग २.८, ४, ५.६, ८, ११, १६ अशी जाते. दर पायरीला प्रकाश निम्मा होतो. या पायरीला स्टॉप म्हणतात आणि हा शब्द पुढे सारखा लागणार आहे.

प्रयोग असा. कठड्यावर पाण्याची बाटली ठेवा. लेन्स ५५वर न्या, बाटलीपासून मीटरभर अंतरावर बसा. मागे तळ्याच्या मधलं महादेवाचं देऊळ येऊ द्या. बाटलीवर फोकस करून एफ ५.६, ८ आणि १६ला एकेक फोटो घ्या. ५.६ला देऊळ धूसर डागासारखं होईल, १६ला त्याची कडा ओळखू येईल. आता ५.६च ठेवून दहा पावलं मागे जा आणि पुन्हा काढा. देऊळ एकदम स्पष्ट झालेलं दिसेल, अ‍ॅपर्चर न बदलता!

बॅकग्राउंड धूसर करायला महागडी लेन्सच लागते असं दुकानात सांगतात. तुम्ही विषयाच्या जवळ जा, झूम ताणा आणि विषयामागची भिंत लांब ठेवा. निम्मं काम तिथेच होतं. उरलेल्या निम्म्यासाठी पुढेमागे ५० मिमी एफ १.८ घ्या, स्वस्तातली आणि गुणी लेन्स आहे. इमारती आणि देखाव्यांसाठी एफ ८ ते ११ पुरे. १६च्या पुढे गेलात तर सगळंच किंचित मऊ पडायला लागतं.

तिसरा रविवार: शटर, आणि त्याच्या मागोमाग आयएसओ

डायल ‘एस’ किंवा ‘टीव्ही’वर. शटर म्हणजे सेन्सरसमोरचा पडदा; तो किती वेळ उघडा राहतो ते सेकंदात सांगतात, १/१००० म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. तलावपाळीच्या रस्त्याकडेला फुटपाथवर उभे राहा. रिक्षांना तोटा नाही. १/१०००ला रिक्षा काढा, फिरतं चाकसुद्धा थिजलेलं दिसेल आणि रिक्षा उभी आहे की धावतेय ते कळणार नाही. आता १/३०ला या, पाय रोवा आणि रिक्षा येताना तिच्यासोबत कमरेतून वळत वळत बटण दाबा, दाबल्यावरही वळणं थांबवू नका. पंधरा फोटो वाया जातील. सोळाव्यात रिक्षा स्पष्ट येईल आणि मागची दुकानं रेघांसारखी ओढली जातील. याला पॅनिंग म्हणतात. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी फुटपाथवर एकटाच हसत उभा होतो.

तुमचा स्वतःचा हातही हलतो. त्यासाठी ठोकताळा असा: लेन्सची लांबी गुणिले दीड, आणि शटर त्याहून वेगवान. ५५वर असाल तर १/८०च्या खाली जाऊ नका, ३००वर असाल तर १/५००. लेन्समध्ये कंप रोखणारी सोय असेल तर हाताची थरथर सावरली जाते, पण समोर पळणारं पोर त्याने थांबत नाही. त्याला १/५०० लागतंच.

आता संध्याकाळ होऊ द्या. प्रकाश कमी झाला, अ‍ॅपर्चर उघडायचं तेवढं उघडलं, शटर १/८०च्या खाली नेता येत नाही. मग उरतो आयएसओ. त्याने बाहेरून जास्तीचा प्रकाश येत नाही, आत आलेलाच वाढवून दाखवला जातो. रेडिओचा आवाज मोठा केला की गाण्यासोबत खरखरही वाढते, तसे फोटोत दाणे वाढतात. १०० वरून २००, मग ४००, ८००, प्रत्येक दुप्पट म्हणजे एक स्टॉप.

आयएसओ वाढवायला लोक फार घाबरतात आणि हललेले फोटो घेऊन घरी येतात. दाणेदार फोटो आजीच्या पंच्याहत्तरीच्या अल्बममध्ये सहज खपतो, हललेला फोटो कशालाच उपयोगी नाही. ऑटो आयएसओ लावा, वरची मर्यादा ३२०० ठेवा आणि विसरून जा.

तिन्हींचा हिशेब असा बसतो. एफ ८, १/२५०, आयएसओ १०० हा एक फोटो. एफ ५.६ केलं तर भोकातून दुप्पट प्रकाश येतो, म्हणून शटर १/५०० केलं की उजेड तोच. एफ ८च ठेवून १/५०० हवं असेल तर आयएसओ २०० करा, पुन्हा उजेड तोच. एका बाजूने दिलं ते दुसऱ्या बाजूने काढून घ्यायचं, वाण्याच्या वहीसारखं. पडताळा घ्यायचा तर डिसेंबरातल्या निरभ्र दुपारी ‘एम’वर एफ १६, १/१२५, आयएसओ १०० लावून उन्हातला फोटो काढा. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक न बघताही बरोबर येतो. फिल्मवाले पिढ्यान्‌पिढ्या असंच काढत आले.

थांबलाच आहात तर अंधार पडल्यावर कठड्यावर बॅग ठेवा, बॅगेवर कॅमेरा, पट्टा मनगटाला गुंडाळून. तळं खोल आहे, विमा बहुधा नसेल. ‘एम’वर आयएसओ १००, एफ ८, शटर ८ सेकंद, आणि २ सेकंदांचा टायमर, म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही. पाण्यातले दिवे लांब रेशमी पट्ट्यांसारखे येतील. जास्त उजळ झालं तर ४ सेकंद, काळं आलं तर १५.

चौथा रविवार: राखाडी झब्बे

आज घराबाहेर पडायचीही गरज नाही. खिडकीपाशी पांढरी चादर पसरा. जवळ जाऊन पूर्ण चौकट चादरीने भरा आणि ‘ए’वर एक फोटो घ्या. मग काळी छत्री उघडून तिच्या कापडाने चौकट भरा आणि दुसरा घ्या. फोकस पकडत नसेल तर हाताने फिरवा. दोन्ही फोटो शेजारी-शेजारी बघा. चादर राखाडी, छत्रीही राखाडी.

कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोर काय आहे हे बघत नाही, फक्त उजेड किती आहे ते मोजतो. जगातल्या सगळ्या गोष्टींची सरासरी मध्यम करडी असते, असं तो गृहीत धरून चालतो. झाडं, रस्ता, माणसं, आकाश असं सगळं मिसळलेलं असेल तर ते गृहीतक जमून जातं. पण चौकटीत पांढरंच पांढरं असलं की तो म्हणतो, बाप रे, किती उजेड, आणि फोटो काळवंडतो. काळंच काळं असलं की उगाच उजळतो. ढोलपथकाच्या झब्ब्यांचं तेच झालं होतं. शंभर पांढरे झब्बे आणि एक भाबडा प्रकाशमापक.

उपाय एका बटणाचा आहे. अधिक-उणे चिन्ह असलेलं बटण शोधा, त्याला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन म्हणतात. चादरीसाठी +१ करा, कमी वाटलं तर +१.३ किंवा +१.७. छत्रीसाठी -१ पासून सुरुवात करा. चादर पांढरी, छत्री काळी. माझ्या मते नवशिक्यासाठी अख्ख्या कॅमेऱ्यात याहून मोलाचं बटण नाही, आणि दुकानात याचं नावसुद्धा कुणी काढत नाही.

डोक्यात पक्कं बसेपर्यंत घरात वस्तू बदलत राहा. गणपतीची पांढरी मूर्ती आणि मागे पांढरा पडदा: अधिक. काळ्या चंद्रकळेतली आई आणि मागे सागवानी कपाट: उणे. खिडकीसमोर बसलेलं बाळ, बाहेर लख्ख उजेड: अधिक, नाहीतर बाळाचा चेहरा काळा येतो. आकडा आधी मनाशी ठरवा, मग फोटो काढा, मग तपासा.

तपासायला स्क्रीनवर विसंबू नका, उन्हात ती काळी वाटते आणि रात्री उजळ. हिस्टोग्राम नावाचा छोटा डोंगर चालू करा. डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं. डोंगर उजव्या भिंतीला धडकून चिरडला असेल तर पांढऱ्यातले तपशील गेले, ते नंतर परत आणता येत नाहीत. बऱ्याच कॅमेऱ्यांत असा भाग लुकलुकून दाखवायची सोय असते, तीही चालू ठेवा.

पाचवा रविवार: माणसं आणि फोकस

जांभळी नाक्याच्या बाजारात सकाळी आठला पोहोचा. फोकसचा एकच ठिपका निवडा. सगळे ठिपके कॅमेऱ्यावर सोपवले की तो सर्वात जवळच्या वस्तूवर जातो, म्हणजे मावशीऐवजी तिच्या पुढच्या झेंडूच्या ढिगाऱ्यावर. ठिपका माणसाच्या आपल्याकडच्या डोळ्यावर ठेवा. नव्या मिररलेसमध्ये डोळा आपोआप पकडला जातो, तर ती सोय खुशाल वापरा. त्यात कमीपणा नाही.

बाजारात निळ्या ताडपत्र्या असतात. खाली बसलेल्या माणसाचा चेहरा निळसर येतो आणि तुम्हाला वाटतं व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याचा रंगांचा हिशेब, चुकला. तो थोडाफार सुधारता येतो, पण ताडपत्रीच्या कडेला, जिथे उघड्या आकाशाचा उजेड येतो तिथला माणूस शोधणं जास्त सोपं. व्हाइट बॅलन्स दिवसा ‘डेलाइट’वर ठेवून द्या आणि फोटो रॉ (सेन्सरवरून आलेली कच्ची फाइल) आणि जेपेग (तयार फोटो) दोन्हींत साठवा. रॉमध्ये रंगाची चूक घरी येऊन विनासायास दुरुस्त होते.

आणि विचारा. “मावशी, एक फोटो काढू का?” एवढंच. नाही म्हणाल्या तर पुढे व्हा. हो म्हणाल्या तर पहिला फोटो त्या अवघडून देतील, तो घ्या, दाखवा, पाव किलो काहीतरी विकत घ्या. पैसे मोजताना त्यांचा जो चेहरा असतो, तो खरा फोटो. पुढच्या रविवारी प्रिंट नेऊन द्या. माझ्याकडे एका फुलवाल्या आजींनी प्रिंट बघून विचारलं होतं, “एवढी म्हातारी दिसते का रे मी?” आणि मग ती पदराआड ठेवून दिली.

चौकटीची रचना इथेच शिकाल. त्यासाठी नियमांचं पुस्तक नको, बटण दाबण्याआधी चौकटीच्या चारही कडांवरून एकदा नजर फिरवा. डोक्यातून उगवलेला विजेचा खांब, अर्धा कापलेला हात, कोपऱ्यातली प्लॅस्टिकची पिशवी तिथेच सापडतात.

सहावा रविवार: फ्लेमिंगो

हा हंगामावर आहे. साधारण नोव्हेंबर ते मे फ्लेमिंगो ठाणे खाडीत असतात. खाडीचा हा पट्टा २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, गेला. निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघाच. ओहोटीला पक्षी खाडीच्या चिखलावर लांबवर पसरतात. भरती चढली की चिखल बुडतो आणि थवे नवी मुंबईतल्या सीवूड्सच्या मागच्या एनआरआय आणि टी.एस. चाणक्य परिसरातल्या पाणथळींवर टेकायला येतात. तिथे ते जवळ मिळतात. म्हणून सकाळच्या भरतीचा दिवस निवडा. पाम बीच रोडच्या बाजूने खाडीकडे तोंड केलं की सूर्य पाठीशी असतो.

किट लेन्स इथे पुरत नाही, ७०-३०० किंवा निदान ५५-२०० हवी. मित्राची मागून आणा. ‘एस’ किंवा ‘टीव्ही’, ऑटो आयएसओ. उभ्या पक्ष्यांना १/५०० चालेल, उडणाऱ्यांना १/१६००. फोकस सतत पाठलाग करणाऱ्या मोडवर ठेवा, कॅननमध्ये त्याला ‘सर्वो’ म्हणतात आणि निकॉन-सोनीत ‘एएफ-सी’. उडवण्यासाठी खडे मारू नका, टाळ्या वाजवू नका, ड्रोनचा तर विषयच नको. भरती उतरायला लागली की ते स्वतःहूनच उठतात, तेव्हा तयार असलं म्हणजे झालं.

आता चौथा रविवार आठवा. गडद चिखल आणि काळपट पाणी, त्यात फिकट गुलाबी पक्षी, तेही चौकटीच्या छोट्याशा भागात. प्रकाशमापक चिखलाकडे बघून फोटो उजळणार आणि पिसांतला गुलाबी रंग धुऊन जाणार. म्हणजे पक्षी पांढरट असूनही इथे बटण उणेकडे फिरवायचं. -०.७ पासून सुरुवात करा, पिसं लुकलुकत असतील तर -१. मात्र तोच पक्षी उडून आकाशात गेला की मागे उजळ ढग येतात, हिशेब उलटतो आणि अंगठ्याने झटकन +१वर जावं लागतं. हे न बघता करता यायला हवं. मी ठाण्याहून येताना गाडीत डोळे मिटून सराव करतो, शेजारचे प्रवासी बघतात, बघू देत.